एक हात अंतर

विद्यार्थ्यांनो, काश्मीरच्या थंडीविषयी तुम्ही ऐकले असेल. २१ डिसेंबरपासून तेथे चाळीस दिवस कडाक्याची थंडी पडते. या काळाला 'चिल्लई कलां' म्हणतात. तेव्हा रात्री नळातले पाणीही गोठते. अशा वेळी अनेक घरांत बुखारी पेटवतात.

बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची मोठी उभी शेगडी. तिच्यात लाकडे जळतात. धूर जाण्यासाठी तिला पत्र्याची लांब नळी जोडतात आणि ती भिंतीतून किंवा खिडकीतून बाहेर काढतात. काश्मीरमधील अनेक घरांत तुळया, खिडक्या आणि छत लाकडाचे असते. तेथील 'खतमबंद' ही नक्षीदार लाकडी छते तर प्रसिद्धच आहेत. मग अशा घरात ही तापणारी नळी कशी बसवावी?

तुम्ही म्हणाल, नळी लाकडाला टेकली नाही म्हणजे झाले. पण तेवढे पुरत नाही. उन्हात उभे राहिले, की सूर्याला न शिवताही आपले अंग तापते. तशीच नळीची उष्णता जवळच्या लाकडापर्यंत पोहोचते. लाकूड लगेच पेटत नाही. ते रोज थोडे थोडे तापते, सुकते आणि आतून काळे पडू लागते. असे लाकूड पुढे कमी उष्णतेतही पेट घेऊ शकते. म्हणून 'इतकी वर्षे काही झाले नाही' असे म्हणून निर्धास्त राहू नये.

मग अंतर किती ठेवावे? अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत याचे माप दिले आहे. साध्या एकेरी पत्र्याची नळी लाकडापासून किमान १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर दूर हवी. शेगडी स्वतः ३६ इंच दूर हवी. हे माप लक्षात ठेवणे सोपे आहे. मोठ्या माणसाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीला आपण 'एक हात' म्हणतो. तो सुमारे १८ इंच भरतो. ३६ इंच म्हणजे एक गज. म्हणून नळीला एक हात आणि शेगडीला एक गज!

काही लोक जागा वाचवण्यासाठी लाकडावर पत्रा ठोकतात. पण लाकडाला चिकटलेला पत्रा स्वतः तापतो आणि लाकडालाही तापवतो. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये किमान एक इंच जागा मोकळी हवी. ती खाली आणि वरही उघडी हवी. तेथून हवा खेळते आणि उष्णता वाहून नेते. खरे रक्षण ही हवाच करते.

लाकडी भिंतीतून नळी नेताना भोवतीचे लाकूड कापून काढावे आणि नळीच्या चारही बाजूंना किमान १२ इंच विटांचे बांधकाम करावे. साधी नळी लाकडी छतातून कधीही नेऊ नये.

ओली लाकडे जाळली, की नळीत डांबरासारखी चिकट काजळी साठते. ती पेटली, तर नळी लालबुंद होते. म्हणून सुकी लाकडे वापरावीत आणि नळी वेळोवेळी साफ करावी. नळी तुंबली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत पसरतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून खोलीत बाहेरची हवा येऊ द्यावी आणि झोपण्यापूर्वी बुखारी विझवावी.

आपल्याकडे बुखारी क्वचितच दिसते. पण चुलीचे धुराडे आणि पाणी तापवण्याचा बंब अनेकांनी पाहिला असेल. त्यांच्याजवळ लाकडी फळी, पडदा किंवा वाळत घातलेले कपडे आहेत का, हे आज घरी जाऊन पाहा. आग आपली मित्र आहे. पण तिच्याशी मैत्री दुरूनच करावी.