रांगेतले अणू आणि अलिप्त प्रकाश

नागोठण्याला अंबा नदीच्या संथ पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे टाकले, तर दोघांची वर्तुळे एकमेकांतून आरपार जातात आणि काही घडलेच नाही अशी पुढे पसरतात. प्रकाशाचेही तसेच. दोन विजेऱ्यांचे झोत परस्परांना छेदतात, पण अडवत नाहीत. हा अलिप्तपणा संदेशवहनाला वरदान ठरला. मात्र फोटॉनांकडून, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाकडून, आकडेमोड करून घ्यायची, तर एकाने दुसऱ्याची दखल घ्यायलाच हवी.

त्यासाठी अणूची मध्यस्थी लागते. 2012 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी रुबिडियम अणूंच्या अतिशीत ढगात फोटॉनांना एकमेकांवर परिणाम करायला लावले. पण ढगातले अणू विस्कळीत असतात. त्यांवर आदळून फोटॉन भलतीकडे विखुरला, की त्यावरची माहितीही गेली.

यावर शिस्तीचा उपाय निघाला. 2020 मध्ये जर्मनीत गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत इमान्युएल ब्लॉख यांच्या गटाने सुमारे 200 रुबिडियम अणू लेसरच्या जाळीत, बुद्धिबळाच्या पटासारखे, एका थरात मांडले. शेजाऱ्यांतले अंतर 532 नॅनोमीटर, तर प्रकाशाची तरंगलांबी 780. अंतर तरंगलांबीहून कमी असल्याने अणूंनी बाजूंना फेकलेल्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात; उरतात दोनच वाटा, पुढची आणि मागची. पुढे निघालेला मूळ प्रकाशही अणूंच्या लहरींमुळे बराच पुसला जातो. परिणामी जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर आरसा बनतो. मांडणी विस्कटली, की त्याची परावर्तनाची ताकद घटते.

2023 मध्ये त्याच गटाने या थरातला एक अणू रिडबर्ग अवस्थेत नेला. अशा अणूचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर जातो आणि त्याचा प्रभाव आसपासच्या अनेक अणूंवर पडतो. प्रकाश आरपार जाणार की परतणार, हे त्या एकट्या अणूच्या अवस्थेवरून ठरू लागले. उद्या हीच अवस्था एका फोटॉनने बदलता आली, तर पहिला फोटॉन दुसऱ्याची वाट ठरवील. खरी कसोटी तीच आहे.

पुस्तके आणि शोधनिबंध वाचत शिकलेल्या मला यात भावते ते एवढेच, की अणू तेच राहिले, बदलली ती मांडणी. पुण्याच्या आयसरमध्येही रिडबर्ग अणूंचा अभ्यास चालतो. म्हणजे हा विषय नागोठण्यापासून काही तासांच्या वाटेवर येऊन पोहोचला आहे.