बाळ बाटलीवर, तरी पान्हा का?

आठव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते. सुनतीनंतर बाळ रडू लागते आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या बाळंतिणीच्या कपड्यांवर दोन ओले डाग उमटतात. कोणीतरी वडीलधारी बाई, मनात काही वाईट नसताना, बोलून जाते, "अगं, एवढे दूध वाया चाललेय, मग बाटली कशाला?" सून काहीच बोलत नाही. उठते आणि वरच्या खोलीत निघून जाते.

हा लेख त्या वडीलधाऱ्या बाईसाठी आहे. आजोबांनीही वाचायला हरकत नाही. इथे ब्रिटनमध्ये बाळंतिणीजवळ आत्या, मावशा, शेजारणी नसतात. आई किंवा सासू, एवढीच काय ती मदत. अशा गोष्टी उघड बोलायला आपल्या पिढीला संकोच वाटतो हे खरे. पण बाळंतपणाचे शास्त्र आपल्या समाजाला परके नाही. आपल्याच डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिला. आपल्यापैकी काहींचा जन्मच त्या काळात तिथे झालेला असेल.

आता मुद्द्याकडे. बाळ बाटलीने पिणार हे घरात ठरलेले असते, पण शरीराला ते कोणी सांगितलेले नसते. गरोदरपणातच स्तनांत चीक तयार होऊ लागतो. वार पडली की प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक झपाट्याने कमी होते, आणि त्या इशाऱ्यावर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध उतरते. मूल अंगावर पिवो न पिवो, हे होतेच. पुढे मात्र नियम बदलतो. जेवढे दूध बाहेर निघेल तेवढे नवे बनते, आणि भरलेले राहिले तर बनणे मंदावते. बाळंतिणीचे दूध आटवायचे असेल तर सगळा उपाय याच एका नियमावर उभा आहे.

पान्ह्याचे गणित थोडे वेगळे. बाळाचे रडणे ऐकले, त्याचा वास आला, नुसती आठवण झाली, तरी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि दूध आपोआप वाहते. कधी बसमध्ये दुसऱ्याचे मूल रडले तरी पुरते. यावर आईचा ताबा नसतो. त्यामुळे तो ओला डाग म्हणजे "बघ, तुला जमले असते" असा पुरावा नव्हे.

आपल्याकडे अशा वेळी छाती फडक्याने घट्ट आवळून बांधत. इथल्या हॉस्पिटलांतही तेच चालायचे. त्यावर पाणी कमी प्यायला सांगत, जुलाबाचे मीठ देत. ज्यांची बाळंतपणे इथे साठच्या दशकात झाली त्यांतल्या काहींना दूध आटवायला स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्याही मिळाल्या असतील. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका दिसल्यावर त्या बंद झाल्या. नंतर ब्रोमोक्रिप्टिन आले, पण त्याने काही जणींचा रक्तदाब धोकादायक वाढला, आणि १९९४ मध्ये अमेरिकेत या कामासाठी त्याचा वापर थांबला. आता गरज असेल तेव्हा हॉस्पिटलचे डॉक्टर कॅबरगोलिन देतात, पण सर्वांना नाही आणि रक्तदाबाची तक्रार असलेल्यांना तर नाहीच. ते बाळंतपणानंतर लगेच घ्यायचे असते, म्हणून विचारायचे तर घरी येण्याआधी विचारावे. बहुतेक जणींना कशाचीच गरज पडत नाही.

घट्ट बांधणे आता कोणी सुचवत नाही. त्याने दुखणे वाढते, आत दूध अडून गाठी होतात. हवा असतो तो नीट मापाचा, आधार देणारा, तारा नसलेला ब्रा, रात्रीही. गर्भारपणातला जुना ब्रा आता लहान पडतो, म्हणून आजीने एक मोठ्या मापाचा आणून ठेवला तर तो कामाचा आहेर. आत ठेवायचे पॅड केमिस्टकडे मिळतात. प्लास्टिकचा थर असलेले टाळावेत, कारण ओल आत कोंडते आणि कातडी चिघळते. जुन्या सुती कापडाच्या स्वच्छ घड्याही चालतात, फक्त भिजल्या की लगेच बदलायच्या. पाहुणे असताना अंगावर फुलाफुलांचा गडद रंगाचा कपडा आणि खांद्यावर शाल असली की डाग कोणाला दिसत नाही. छातीत झिणझिण्या आल्या की पान्हा येतोय हे तिला कळते. तेव्हा हातांची घडी घालून तळव्यांनी छाती थोडा वेळ हलकेच दाबून धरली तर वाहणे बरेचदा थांबते.

छाती दगडासारखी झाली तर थंडावा द्यावा. गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवली तरी आराम पडतो. फ्रीजमधली कोबीची पानेही इथल्या बायका ठेवतात. दक्षिण भारतात मोगऱ्याची फुले छातीला बांधतात, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ती फुले ब्रोमोक्रिप्टिनशी ताडून पाहिली गेली. दूध कमी करण्यात फुलेही कामी आली. लंडनच्या थंडीत मोगरा कुठून आणायचा हा प्रश्न वेगळा! वेदनेसाठी पॅरासिटामॉल, आणि तिला चालत असेल तर आयबुप्रोफेन घेता येते.

ऊब मात्र छातीपासून दूर ठेवावी. आपली हौस असते तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची, शेक देण्याची. पाठीला, कमरेला, पायांना जरूर द्या. छातीवर गरम पाणी पडले की दूध वाहते. फारच ठणकत असेल तर हाताने अगदी थोडे, ताण सैल होईल एवढेच काढावे. पंप लावून रिकामे केले की शरीराला वाटते मागणी आहे.

आणि आळीव, मेथीचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा? ही दूध वाढवतात याचा पुरावा तसा कच्चाच आहे. पण हेतूच उलटा असताना आग्रह कशाला? वरण-भात, मासळीची आमटी, भाज्या खाऊ द्या. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, त्याने दूध वाढत नाही.

दाटलेली छाती सहसा काही दिवसांत, आठवड्या-दीड आठवड्यात सैल होते. थेंब थेंब गळणे काही आठवडे चालते, आणि काहींना त्याहून पुढेही अधूनमधून होते.

जपायचे ते स्तनदाहापासून. एकाच बाजूचा भाग कडक, गरम आणि दुखरा होतो, थंडी वाजून ताप येतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. एक दिवसात उतार पडला नाही तर जीपीला दाखवावे, दवाखाना बंद असेल तर १११ ला फोन करावा. दुधाऐवजी रक्त आले तरी दाखवावेच. पहिले काही दिवस मिडवाइफ घरी येते, पुढे हेल्थ व्हिजिटर. त्या आल्या की चहा करून बाजूच्या खोलीत जावे. सुनेला एकटीने काही विचारायचे असते.

बाटली का, हे मात्र विचारू नये. कोणाचे औषध चालू असते, कोणाची जुनी शस्त्रक्रिया, कोणाचा जीव थकलेला, आणि कोणी नुसते ठरवलेले असते. उत्तर द्यायचेच असेल तर ती आपणहून देईल.

एक घर असेही असते जिथे पाळणा रिकामा राहिला, आणि तरी तिसऱ्या दिवशी दूध उतरले. त्या आईला कोणी आधी सांगितलेले नसेल तर तो धक्का फार मोठा. वरचे सगळे उपाय तिलाही लागू आहेत, आणि कॅबरगोलिनबद्दल तिच्या वतीने डॉक्टरांना जरूर विचारावे. काही आया ते दूध दान करतात. लंडनच्या क्वीन शार्लट्स हॉस्पिटलची दूधपेढी १९३९ पासून चालू आहे, मुंबईत सायन हॉस्पिटलची १९८९ पासून. तिला वाटले तर मिडवाइफ मार्ग दाखवते. आपण सुचवून ओझे घालू नये.

राहिले कपडे. दुधाचे डाग आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यात टाकले की ते पक्के बसतात. आणि ते काम तिच्या आधी आपण करून टाकावे.