किनाऱ्यावरची वायर, पाण्यातली होडी

शाहूवाडी तालुक्याला समुद्र नाही. आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे रत्नागिरी गाठावी, तेव्हा कुठे खारं वारं अंगाला लागतं. पण पाण्याशेजारची वीज काय चीज असते, हे कडवी-वारणेच्या काठच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. नदी चढू लागली की रात्री-अपरात्री मोटार वर ओढायची आणि ओल्या हातानं स्टार्टरच्या पेटीला शिवायचं नाही, हे इथं पोरांनाही ठाऊक असतं. शिडाच्या होडीला किनाऱ्यावरून वीज देतानाही हेच भान राखावं लागतं.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही 56 फुटी होडी बांधली गेली. नौदलाचे दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी ती घेऊन मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 रोजी परतले. शिडांच्या बळावर एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार मुक्काम: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन. अशा होडीवरचे दिवे, रेडिओ, सुकाणू धरणारं यंत्र हे सारं भर समुद्रात बॅटरीवर चालतं. धक्क्याला लागल्यावर मात्र किनाऱ्याची वीज घेता येते. या चारही बंदरांतली वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्टच्या आसपास आणि 50 हर्ट्झची. अमेरिकेत तीच 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची मिळते. तिथं आपला चार्जर चालेल की नाही, हे आधी पाहावं लागतं.

जोडणीचा पहिला नियम साधा आहे. पिना होडीच्या बाजूला आणि भोकं विजेच्या केबलला, म्हणजे जिवंत पिना कधीच उघड्यावर येत नाहीत. केबल आधी होडीला लावायची, मग धक्क्यावरच्या पेटीत. काढताना आधी धक्क्यावरची. घरातली एकसळी तांब्याची वायर इथं कामाची नाही. ती हादऱ्यांनी तुटते आणि खाऱ्या हवेनं हिरवी पडते. होडीला कथलाचा मुलामा दिलेली बहुतारी वायरच हवी. ब्रेकरही फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा लागतो, कारण एखाद्या धक्क्यावर त्या दोन्हींची अदलाबदल झालेली असू शकते.

खरी गुंतागुंत अर्थिंगची. किनाऱ्याच्या अर्थिंगची तार होडीत आली की तिच्यातून शेजारच्या होड्यांचे पाण्यातले पंखे (प्रोपेलर) आणि त्यांचे दांडेही आपल्या होडीला जोडले जातात. वेगवेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि जोडणारी तार: झाली बॅटरी तयार! पंख्याच्या रक्षणासाठी लावलेला जस्ताचा तुकडा मग भराभर झिजतो. तो वाचवायला काही जण सरळ अर्थिंगची तारच कापतात. हा शुद्ध आत्मघात आहे. त्या तारेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला की त्यातले डायोड हा किरकोळ प्रवाह अडवतात, आणि बिघाडाचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतात. खर्च परवडत असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याहून सरस.

तार कापलेल्या होडीत बिघाड झाला तर वीज पाण्यात उतरते. अशा वेळी समुद्रापेक्षा नदी जास्त घातक. खारं पाणी माणसाच्या शरीराहून चांगलं वाहक असल्यानं प्रवाह बहुतांशी शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्याहून मात्र शरीरच चांगलं वाहक, म्हणून प्रवाह शरीरातून वाट काढतो. स्नायू आखडतात, पोहता येत नाही. 1999 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आठ वर्षांचा एक मुलगा नदीत असाच गेला. त्याच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि वीज जवळच्या होडीतून पाण्यात उतरली होती.

इथं 16 अँपिअरचा साधा ब्रेकर, म्हणजे एमसीबी, कामाचा नाही. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा ब्रेकर, मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत तेवढा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तुटते.

कडवी-वारणेचं पाणीही गोडच आहे आणि काठावरच्या मोटारींच्या वायरी त्याच पाण्यालगत असतात. दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुरू होईल. त्याआधी वायरमनला बोलावून मोटारीचं अर्थिंग तपासून घ्या, सोललेली वायर चिकटपट्टीवर भागवू नका. आणि घरच्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण आजच दाबून पाहा. वीज गेली नाही, तर तो लगेच बदलून घ्या.