वाटीभर ज्वारी आणि खाडीवरचे पाखरू

मुखेड तालुक्यातील कितीतरी माणसे पोटासाठी मुंबई-ठाण्याला गेली. ऐरोली, कळव्याकडे राहणाऱ्यांनी हिवाळ्यात खाडीवर पांढरे कुरव पक्षी पाहिले असतील. त्यातले काही तिबेट-लडाखच्या उंच तळ्यांवरून इकडे येतात. गावी सुट्टीला आलेली मुले सांगतात, "हजारो असतात!" पण हजारो म्हणजे नेमके किती? उडते पाखरू मोजायचे कसे?

उत्तर घरातच आहे. मुलांना वाटीभर ज्वारी द्या. त्यातले १०० दाणे निळ्या शाईने रंगवून वाळवा, पुन्हा वाटीत टाका आणि नीट कालवा. आता न बघता २०० दाणे काढा. त्यात समजा १० निळे निघाले. म्हणजे २० दाण्यांमागे एक निळा. निळे एकूण १००, तेव्हा वाटीत दाणे सुमारे २०००. सगळी वाटी मोजावी लागली नाही. त्रैराशिकच ते!

पक्ष्यांचे अभ्यासक शाईऐवजी पायात हलके कडे घालतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली असे हजारो पक्षी कडी घालून सोडले. कडे घातलेला पक्षी दूरदेशी सापडला की त्याची वाटही कळते.

मात्र हिशेबाला अटी आहेत. कडे गळून पडू नये, पक्षी थव्यात नीट मिसळावेत, मधल्या काळात फारसे नवे येऊ नयेत, जुने जाऊ नयेत. वाटी नीट कालवली नाही तर उत्तर चुकते, तसेच हे.

दाट थव्यासाठी दुसरी रीत आहे. थव्याचा एक तुकडा मोजायचा, तेवढे तुकडे किती ते पाहायचे आणि गुणाकार करायचा. ठाणे खाडीत जानेवारी २०१९ च्या मोजणीत सुमारे १ लाख २१ हजार रोहित पक्षी नोंदले गेले. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. उद्या भराव पडला, पाणी नासले, तर पक्षी घटले हे सिद्ध कशाने करणार? "खूप होते, आता कमी दिसतात" एवढ्याने कोणी ऐकत नाही. आकडा लागतो.

"गणित आपल्याला जमत नाही" असे म्हणणाऱ्या मुलीपुढे आज रात्री ज्वारीची वाटी ठेवा. दाणे तिलाच मोजू द्या.