आग विझल्यावर

आग विझली की शेजारीपाजारी धावून येतात आणि राख उपसू लागतात. मंडळी, जरा दमाने घ्या! आधी वायरमनकडून वीज तोडून घ्या, मग पंचनामा, मग फावडे. पंचनाम्यावाचून सरकारी मदतीचा कागद पुढे सरकत नाही.

काळी ठिक्कर तुळई पाहून घरधन्याचा धीर सुटतो. पण जाड लाकूड आतपर्यंत लवकर जळत नाही. वरचा कोळसाच आतल्या लाकडाची ढाल होतो. तासभर आगीत राहिले, तर उघड्या बाजूने साधारण 4 सेंटिमीटर जाते. तेव्हा तुळई सरपणात टाकण्याआधी सुताराला बोलवा. वाकसाने कोळसा तासून उरलेली जाडी ओझे पेलील का, हे तो पाहील. आजच्या सागाच्या भावात एवढी खटपट परवडते! बारीक वासे मात्र गेलेच समजा.

सिमेंटच्या स्लॅबचे उलटे. तो वरून धड दिसतो. पण गुलाबी छटा आली असेल, तर उष्णता 300 अंश सेल्सियसच्या वर गेली असे धरावे. छटा नसली तरी इंजिनियरने पाहिल्याखेरीज खाली अंथरूण घालू नये.

भिंतीची काजळी कोरड्या कुंच्याने झाडावी. ओली केली की ती पसरते. आणि पेटीतल्या होरपळलेल्या नोटा चाळवू नका. त्या साध्या शाखेत घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत न्याव्या लागतात.