सैनिकाची अखेरची सोबत

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्या समोर, पोटोमॅक नदीच्या पैलतीरावर, आर्लिंग्टन नांवाची सैनिकी दफनभूमि आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध चालूं असतां, १८६४ सालीं, येथें पहिल्या सैनिकाचें दफन झालें. आज तेथें चार लक्षांहून अधिक माणसें चिरविश्रांति घेत आहेत. टेकड्यांच्या हिरव्या उतारांवर पांढरे दगड ओळीनें उभे आहेत. बहुतेक एकाच मापाचे, एकाच घडणीचे. कवाइतीची रांग मरणानंतरहि मोडलेली नाहीं असें पाहणाऱ्यास वाटतें. आठवड्यांतील कामाच्या दिवशीं तेथें पंचवीस-तीस अंत्यविधि होतात.

१९४८ सालची गोष्ट. अमेरिकन विमानदलाचे त्या वेळचे प्रमुख जनरल हॉइट व्हँडेनबर्ग व त्यांच्या पत्नी ग्लॅडिस हीं दोघें आर्लिंग्टन येथील अंत्यविधींना जात असत. तेथें एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. कांहीं प्रसंगीं पाद्री आणि मानवंदना देणारी तुकडी एवढींच काय तीं माणसें थडग्यापाशीं असत. मृताची आई दूरच्या गांवीं, बायको आजारी, किंवा आप्त असें कोणी उरलेंच नाहीं. विधि यथासांग होई, सलामी दिली जाई, आणि ज्याच्यासाठीं हें सारें केलें त्याच्या नांवानें एकहि माणूस उभें नसे. विधींत उणें कांहींच नव्हतें. उणें होतें तें माणूस.

राज्यानें आपलें कर्तव्य पुरें केल्यावर समाजानें करण्यासारखें काय उरतें, हा प्रश्न तेव्हांपासून अमेरिकेंत वेगवेगळ्या लोकांनीं आपापल्या परीनें सोडविला आहे. त्यांचीं उत्तरें समजण्यासाठीं हा सैनिकी अंत्यविधि असतो तरी कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

शवपेटीवर राष्ट्रध्वज अशा बेतानें पसरतात कीं, त्यांतील ताऱ्यांचा निळा भाग मृताच्या डाव्या खांद्यावर यावा. हा ध्वज पेटीबरोबर जमिनींत जात नाहीं. त्याला मातीचा स्पर्शहि होऊं देत नाहींत. पेटी खड्ड्यावर ठेवल्यावर बंदुकींच्या तीन फैरी झडतात. झाडणारे शिपाई बहुधा सात असतात; सात त्रिक एकवीस असा हिशेब करून पुष्कळ लोक हिलाच एकवीस तोफांची सलामी समजतात. तें चूक आहे. ती सलामी तोफांची असते व राष्ट्रप्रमुखांसारख्यांना मिळते. या तीन फैरींचें मूळ जुन्या रणांगणावर आहे असें सांगतात. मेलेल्यांना उचलण्यासाठीं दोन्ही पक्ष लढाई थांबवीत, आणि तें काम आटोपलें म्हणजे तीन फैरी झाडून तसें कळवीत.

फैरी झाल्या कीं बिगूल वाजतो. त्या धुनीला ‘टॅप्स’ म्हणतात. तींत अवघे चोवीस स्वर आहेत. १८६२ सालीं व्हर्जिनियांतील हॅरिसन्स लँडिंग येथें उत्तरेकडील फौजेचा तळ पडला असतां जनरल डॅनियल बटरफील्ड यांनीं रात्रीं दिवे मालवण्याची सूचना म्हणून ती बसविली. त्याच मोहिमेंत तोफखान्याच्या एका शिपायाला पुरण्याचा प्रसंग आला. शत्रु जवळच होता. फैरी झाडल्या तर हल्ला सुरू झाला असा त्याचा समज होईल, म्हणून कॅप्टन टिडबॉल यांनीं फैरींऐवजीं हीच धून वाजविण्यास सांगितलें. दिवसभराच्या श्रमानंतर झोपा, असें सांगणारी धून त्या दिवसापासून चिरनिद्रेची झाली.

शेवटीं ध्वज उचलून त्याच्या तेरा घड्या घालतात. त्रिकोणी आकार होतो आणि वर निळा भाग व तारे एवढेंच दिसतें. मग एक अधिकारी मृताच्या सर्वांत जवळच्या आप्तासमोर वांकून, राष्ट्राध्यक्ष, सेनादल व कृतज्ञ राष्ट्र यांच्या वतीनें तो ध्वज त्याच्या हातीं देतो. साऱ्या विधीचें टोंक हेंच आहे. फैरी आणि बिगूल यांचा रोंख मृताकडे असतो. ध्वज जिवंत माणसाकडे जातो. समोर तें माणूसच नसेल तर विधि मध्येंच तुटल्यासारखा होतो. ग्लॅडिस व्हँडेनबर्ग यांना नेमकें हेंच जाणवलें.

त्यांनीं कोणाकडे अर्ज केला नाहीं. प्रथम त्या स्वतः एकट्या जाऊं लागल्या. पुढें त्यांनीं विमानदलांतील अधिकाऱ्यांच्या बायकांना हाताशीं धरलें आणि पाळ्या लावल्या. विमानदलाच्या कोणाचेंहि दफन असो, आपल्यांतील एकजण तेथें असलीच पाहिजे, एवढाच नियम. भूसेनेच्या बायकांनीं १९७० नंतरच्या वर्षांत हें व्रत उचललें, आरमाराच्या बायकांनीं १९८५ सालीं आणि किनारारक्षक दलाच्या बायकांनीं २००६ सालीं. ‘आर्लिंग्टन लेडीज’ या नांवानें त्या आज ओळखल्या जातात.

त्यांचें काम पाहावयास अगदीं साधें आहे. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो, साधा पोशाख केलेली एक स्त्री गणवेशांतील एका सैनिकाच्या हाताला धरून थडग्यापाशीं येऊन उभी राहते. विधि चालूं असतां ती एक शब्द बोलत नाहीं. ध्वज दिल्यावर ती आप्तांजवळ जाते, हळूं आवाजांत समाधानाचे दोन शब्द बोलते आणि एक पत्र हातीं देते. दलाच्या प्रमुखाकडून आलेला शोकसंदेश व तिनें स्वतः हातानें लिहिलेल्या चार ओळी त्यांत असतात. नंतर ती निघून जाते. त्या भाड्यानें रडणाऱ्या बाया नव्हेत. त्यांच्यापैकीं कित्येकींचे स्वतःचे पति त्याच भूमींत निजले आहेत. जें दुःख आपल्या दारीं येऊन गेलें, तें दुसऱ्याच्या दारीं आलेलें पाहून त्या तेथें जातात. आप्त कोणीच आलें नसेल तर त्या दिवशीं मृताचा सारा गोतावळा म्हणजे ती एकटी स्त्री होय.

दुसरी अडचण बिगुलाची. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत सुमारें १ कोटी ६० लक्ष लोक होते. विसावें शतक संपतां संपतां ते म्हातारे होऊन रोज हजारांच्या घरांत मृत्यु पावूं लागले. अशा प्रत्येकास मानवंदना मिळावी म्हणून १ जानेवारी २००० पासून कायदा लागू झाला. कुटुंबानें मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक अंत्यविधीस येतील, त्यांपैकीं एक तरी मृताच्याच दलांतला असेल, ते ध्वजाची घडी घालून तो देतील आणि टॅप्सची धून वाजेल, असें त्यानें ठरवून दिलें. परंतु इतके बिगूलवाले आणावयाचे कोठून? तेव्हां ध्वनिमुद्रित धून वाजविण्याची मुभा ठेवावी लागली. पुढें २००३ सालीं एक यांत्रिक बिगूलहि निघाला. त्याच्या तोंडांत लहानसें यंत्र बसविलेलें असतें. सैनिक कळ दाबून बिगूल ओठांशीं धरतो, आणि स्वर यंत्रांतून निघतात. पाहणाऱ्यास फरक कळत नाहीं, धूनहि निर्दोष वाजते.

तरी पुष्कळांना ही सोय रुचली नाहीं. २००० सालींच मरीन दलांतील एका माजी सैनिकानें ‘बगल्स ॲक्रॉस अमेरिका’ ही संस्था काढली, व बिगूल वाजवतां येणाऱ्या कोणालाहि, मग तो शाळेच्या बँडांतील मुलगा असो कीं पेन्शनर असो, पुढें येण्याचें आवाहन केलें. हजारों लोक पुढें आले. ते मोबदला घेत नाहींत. चोवीस स्वर निर्दोष वाजविणें सोपें नव्हे. थंडींत ओठ बधिर होतात, बिगुलाचें पितळ गारठतें. १९६३ सालच्या नोव्हेंबरांत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या दफनाच्या वेळीं, थंडींत फार वेळ तिष्ठत राहिलेल्या एका कसलेल्या बिगूलवाल्याचा सहावा स्वर फुटला. लाखों लोकांनीं तो ऐकला. पुष्कळांना तो दोष न वाटतां साऱ्या राष्ट्राचा हुंदका वाटला. यंत्राकडून असा स्वर कधीं फुटणार नाहीं, आणि तेंच त्याचें वैगुण्य आहे.

तिसरा प्रसंग याहून कठीण होता, कारण त्यांत एकाकीपणाऐवजीं उपमर्द होता. इराकचें युद्ध २००३ सालीं सुरू झालें. तेथें पडलेल्या सैनिकांचीं प्रेतें डेलावेअर संस्थानांतील डोव्हर येथें विमानानें येत व तेथून ज्याच्या त्याच्या गांवीं जात. याच सुमारास कॅन्सस संस्थानांतील टोपीका शहराचा एक लहानसा पंथ या अंत्ययात्रांच्या वाटेवर फलक घेऊन उभा राहूं लागला. अमेरिकेच्या पापांबद्दल देवानें केलेली शिक्षा म्हणजे हे मृत्यु होत, असें ते ओरडून सांगत. मुलाला पुरावयास निघालेल्या आईबापांना हें ऐकावें लागे.

लोकांनीं कायद्याकडे धांव घेतली. २००६ सालीं राष्ट्रीय दफनभूमींच्या प्रवेशद्वारापासून तीनशें फुटांच्या आंत, विधीच्या आधीं व नंतर एकेक तास, निदर्शनें करण्यास बंदी झाली. परंतु एका दुखावलेल्या पित्यानें भरलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हां २०११ सालीं न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतानें निदर्शकांच्या बाजूनें निकाल दिला. सार्वजनिक रस्त्यावर सार्वजनिक विषयावर बोलण्याचा हक्क, तें बोलणें कितीहि कटु असलें तरी, राज्यघटनेनें दिला आहे, असा त्याचा आशय होता. निकाल कायद्याला धरून होता. पण त्यानें त्या घरचें दुःख हलकें झालें नाहीं.

जें कायद्याला करतां आलें नाहीं तें कॅन्ससमधीलच मल्वेन गांवच्या कांहीं माजी सैनिकांनीं २००५ सालींच सुरू केलें होतें. हे मोटारसायकलवाले लोक. कातडी जाकिटें घालणारे, दाढ्या राखणारे, दिसण्यांत दांडगे. त्यांनीं ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ नांवाचा संघ उभारला. निदर्शकांशीं भांडावयाचें नाहीं, त्यांच्याकडे पाहावयाचेंहि नाहीं. त्यांच्याकडे पाठ करून मोठमोठे ध्वज हातीं घेऊन शांतपणें उभें राहावयाचें, म्हणजे कुटुंबाला फलक दिसणार नाहींत, असा त्यांचा बेत होता. घोषणांचा आवाज वाढला तर क्वचित् ते आपल्या गाड्यांचा घरघराट करून तो बुडवीत. माणसांची आणि ध्वजांची ही भिंत थोड्याच काळांत देशभर उभी राहूं लागली. निदर्शक येवोत वा न येवोत, ते येऊं लागले.

त्यांचा एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कुटुंबानें बोलावल्याशिवाय ते जात नाहींत. महाराष्ट्रांत लग्नाला बोलावणें लागतें, पण मयताला बोलावण्याची वाट कोणी पाहत नाहीं. तेथें हा नियम उलटा कां? कारण शेजारी आला तर तो घरचाच असतो. शेंकडों परकीं माणसें आलीं तर सांत्वनाचा गलका होतो आणि अंत्ययात्रेची जत्रा होण्याची भीति असते. दुःखावर पहिला हक्क घरच्यांचा. त्यांना आज गर्दी हवी आहे कीं एकांत, हें त्यांनींच ठरवावयाचें. परोपकार करणाऱ्यानें प्रथम परवानगी मागावी, हें शहाणपण त्या दांडग्या दिसणाऱ्या मंडळींनीं दाखविलें.

घरचें कोणीच नसेल तर मात्र बोलावणें कोणीहि द्यावें. २०१९ च्या जानेवारींत टेक्सास संस्थानांतील किलीन गांवाजवळच्या सैनिकी दफनभूमींत विमानदलाच्या एका माजी सैनिकाला पुरावयाचें होतें. त्याच्या आप्तांचा पत्ता लागत नव्हता. शक्य असेल त्यानें यावें अशी विनंति जाहीर झाली. त्या दिवशीं दफनभूमीकडे मोटारींची लांबच लांब रांग लागली. ज्याला कोणीहि ओळखत नव्हतें, त्याच्यासाठीं अवघा मुलूख लोटला. आलेल्यांपैकीं पुष्कळ स्वतः सैन्यांत राहिलेले होते. आपल्यावर हीच वेळ आली तर कोण येईल, हा विचार त्यांच्या मनांत आल्यावांचून राहिला नसेल.

या साऱ्या लोकांत युद्धाबद्दल एकमत होतें असें मुळींच नाहीं. इराकच्या युद्धावर अमेरिकेंत तीव्र मतभेद होते, आणि ध्वज धरून उभ्या राहिलेल्यांतहि ते असणारच. परंतु युद्ध योग्य कीं अयोग्य हा प्रश्न सभेंत, वर्तमानपत्रांत आणि मतपेटीजवळ विचारावयाचा असतो. थडग्यापाशीं तो विचारला तर उत्तर देण्याची पाळी नेमकी त्या आईवर येते, जिच्याकडे तें असण्याचें कारण नाहीं. हा विवेक राखला म्हणूनच त्यांच्या सेवेला किंमत आली.

राज्य हुकूम काढून बंदुका आणवूं शकतें, ध्वज देऊं शकतें, कायद्यानें दोन सैनिक पाठवूं शकतें. हळहळ मात्र हुकुमानें पाठवितां येत नाहीं. ती कोणीतरी आपण होऊन, आपला वेळ मोडून, आणून पोंचवावी लागते. आर्लिंग्टनला आजहि ती स्त्री ठरल्या वेळीं येते, उभी राहते, पत्र देते आणि जाते. त्या पत्रांतल्या चार ओळी तिनें आदल्या रात्रीं स्वतः लिहिलेल्या असतात. मृताचें नांव त्यांत नीट, अचूक लिहिलें आहे ना, हें ती निघण्यापूर्वीं पुन्हां एकवार पाहून घेते.