एकच पूल, दोन रंग

फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात क्लोद मोने या चित्रकाराने घराजवळ तळे तयार करून घेतले, त्यात वॉटर लिली लावल्या आणि वर जपानी धाटणीचा लाकडी पूल बांधला. १८९९ साली त्यांनी रंगवलेला हा पूल लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहायला मिळतो. हिरवी झाडी, गार पाणी, पुलाची ठळक कमान. याच पुलाचे वीसेक वर्षांनंतरचे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्यात विटकरी, तांबूस, गंजल्यासारखे रंग एकमेकांत घुसले आहेत. पूल अक्षरशः शोधावा लागतो.

पूल जागच्या जागीच होता. मधल्या काळात मोने यांना मोतीबिंदू झाला होता.

१९१२ मध्ये त्याचे निदान झाले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, पिवळसर-तपकिरी पडते आणि निळा प्रकाश फारसा आत येऊ देत नाही. आपल्याकडेही शस्त्रक्रियेची पट्टी निघाल्यावर आजी म्हणते, ‘भिंत इतकी पांढरी होती होय!’ मोने शस्त्रक्रियेला घाबरत होते. रंगांच्या नळ्यांवर लिहिलेली नावे वाचून ते रंग निवडत आणि चित्र काढत राहिले. अखेर १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ रंग जमेनात, म्हणून त्यांनी रंगीत काचांचे चष्मेही वापरून पाहिले. त्या लालसर पुलात मोतीबिंदूचा वाटा किती आणि चित्रकाराच्या धाडसाचा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण मोतीबिंदू झालेल्या माणसाचे जग कसे असेल, हे त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर डोळ्यांना जाणवते. वैद्यकाच्या पुस्तकातल्या वर्णनाने ते होत नाही.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९०४ साली जन्मलेल्या बिनोदबाबूंना एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने फार जवळचेच दिसे. असा मुलगा चित्रकार कसा होणार, अशी शंका होतीच. तरीही शांतिनिकेतनच्याच कलाभवनात चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९४६-४७ मध्ये तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले. ओल्या गिलाव्यावरचे हे काम. गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा व्हावा लागतो, खाडाखोडीला वाव नसतो. आणि ते कच्चा आराखडा भिंतीवर न उतरवता थेट रंगवत गेले. स्वतःला दिसते त्याच्या कितीतरी पट मोठी भिंत त्यांनी मनात धरली होती. त्या संतमेळ्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि दृष्टिहीन सूरदासही आहेत.

पुढे दहाएक वर्षांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि बिनोदबाबूंची उरलीसुरली दृष्टीही गेली.

काम मात्र थांबले नाही. ते शांतिनिकेतनमध्ये शिकवू लागले. बोटांनी मेण दाबून माणसे, जनावरे घडवू लागले. कागदाला घड्या घालून, आकार कापून चिकटचित्रे करू लागले. घडीची कड बोटाला लागते, कात्रीचे वळण मनगटाला कळते. चित्र आता हाताने दिसत होते. अशा कागदी आकृत्यांतूनच १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिक फरशांचे मोठे चित्र उभे राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. या उत्तरकाळातल्या कामाकडे दयेने पाहण्याची काहीच गरज नाही. डोळस चित्रकाराला ज्या आकारांपर्यंत पोहोचायची निकडच भासली नसती, ते आकार त्यात आहेत.

मुंबईत २००६ साली पार्थो भौमिक यांनी ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम सुरू केला. त्यात दृष्टिहीन व्यक्ती छायाचित्रण शिकतात. समोरच्याच्या आवाजावरून दिशा धरायची, स्पर्शाने अंतर मोजायचे, गालाला लागणाऱ्या उन्हावरून प्रकाश कुठून येतो ते ओळखायचे. ही छायाचित्रे उठावाच्या रूपातही तयार केली जातात, म्हणजे ती हाताने ‘पाहता’ येतात.

वेगळी नजर शोधायला एवढे लांब जायलाही नको. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतो. अनेकदा घरी त्याचा पत्ताच नसतो. चित्रकलेच्या तासाला असा मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवतो आणि बोलणी खातो. पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती आहे : त्याच्या हातातला खडू बदलण्याआधी, त्याला झाड कसे दिसते ते विचारा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही घेऊन जा. आणि ते चित्र जपून ठेवा.